लक्षणं मोजू नकोस, दिवस मोज

प्रिय विन्या,

त्या एका संबंधातून एचआयव्हीची लागण तर झाली नसेल ना, असं विचारणारं तुझं पत्र मिळालं. साडेतीन पानं घसा, जीभ, जांघेतली गाठ आणि छातीवरचे दोन लाल ठिपके यांनी भरलीत, आणि ज्यावरून काही ठरवता येईल ती संबंधाची तारीख मात्र शेवटी कंसात कोंबलीस. मी मोजलं. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा साधारण २६ वा दिवस असेल. आता लक्षणांची वही मिट आणि कॅलेंडर काढ.

तरी लक्षणांचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही तुझ्या डोक्यात शिरायचं नाही. एचआयव्ही शरीरात शिरल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांनी बऱ्याच जणांना फ्लूसारखं आजारपण येतं. ताप, घसा धरणं, अंग मोडून येणं, रात्री घामानं कपडे भिजणं, तोंड येणं, कधी जुलाब. मान, काख, जांघ अशा एकाहून जास्त ठिकाणी गाठी सुजतात. पुरळ येतं ते बहुधा छाती-पाठीवर, चपटं, लालसर, फारशी खाज नसलेलं. एकदोन आठवड्यांत सगळं आपोआप ओसरतं. गोम अशी की साध्या व्हायरल तापातही हेच होतं, आणि लागण झालेल्या कितीतरी जणांना यातलं काहीच होत नाही. म्हणजे लक्षण असलं तरी निदान नाही आणि नसलं तरी सुटका नाही. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी तुला कणकण आली ती मात्र खुशाल विसर, इतक्या लवकर हा विषाणू ताप आणत नाही. आणि जांघेतली ती गाठ! शेंगदाण्याएवढ्या गाठी तिथे बहुतेकांच्या हाताला लागतात. दिवसातून दहादा चिवडलीस तर ती दुखणारच.

'पुरुषांची खास लक्षणं कोणती' असं विचारलंयस. तशी वेगळी यादी नाही. लिंगावर फोड किंवा जखम, लघवीला जळजळ, पू येणं ही बहुतेकदा गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया), नागिणीसारखे फोड आणणारा हर्पिस अशा दुसऱ्या रोगांची खूण असते. पण ती दुर्लक्षण्यासारखी नाही. अशा जखमेतून एचआयव्हीला आत शिरणं सोपं जातं. म्हणून रक्त देशील तेव्हा गरमी, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्याही तपासण्या एकदमच करून घे. परम्यासाठी लघवीचा नमुना वेगळा द्यावा लागतो.

पहिला ताप गेला की पुढे कित्येक वर्षं माणूस धडधाकट दिसू शकतो आणि आतल्या आत सीडी-४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटत राहतात. निरोगी माणसात त्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की त्याला एड्स म्हणतात. जिभेवर खरवडून निघणारा पांढरा थर, महिनाभर न हटणारा ताप किंवा जुलाब, झपाट्यानं उतरणारं वजन, तरुण वयात उठलेली नागीण, क्षय, हे सगळं या उशिराच्या टप्प्यातलं. २६ व्या दिवशी आरशासमोर जीभ काढून ते शोधणं म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी कणसं मोजणं.

आता तपासणी. प्रत्येक चाचणी वेगळी गोष्ट शोधते, म्हणून प्रत्येकीचे दिवस वेगळे. विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत लागण पकडू शकते. चौथ्या पिढीची, शिरेतल्या रक्ताची लॅबमधली चाचणी पी-२४ हे विषाणूचं प्रथिन आणि त्याच्याशी लढायला आपल्या शरीरानं बनवलेली प्रथिनं, म्हणजे अँटीबॉडी, दोन्ही शोधते; तिला १८ ते ४५ दिवस लागतात. नुसत्या अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचण्यांना, म्हणजे बहुतेक रॅपिड आणि घरगुती किटना, २३ ते ९० दिवस. तेव्हा तू आत्ता चौथ्या पिढीची कर. निगेटिव्ह आली तर धीर धर, पण तीच ४५ दिवस उलटल्यावर पुन्हा कर. रॅपिडवरच भिस्त ठेवणार असशील तर शेवटची चाचणी ९० दिवसांनंतरची हवी.

घरी किट वापरलंसच तर चुका ठरलेल्या असतात. बोट दाबून दाबून रक्त काढतात, थेंब अपुरा पडतो, नाहीतर पट्टी तासाभरानं बघतात. हात कोमट पाण्यानं धुऊन पुसून घे, बोटाच्या टोकाच्या मध्यावर नको, कडेला टोच. द्रावणाचे थेंब किती आणि निकाल किती मिनिटांनी बघायचा हे किटच्या कागदावर असतं ते तंतोतंत पाळ. पट्टीवर 'सी' पाशी, म्हणजे किट चालतंय हे दाखवणाऱ्या जागी, रेघ उमटली नाही तर चाचणी बाद. 'टी' पाशी, म्हणजे निकालाच्या जागी, पुसटशी रेघ आली तरी ती रेघच, 'नसेल बहुतेक' म्हणून फेकून द्यायची नाही. मात्र एका किटवरून कोणी पॉझिटिव्ह ठरत नाही. वेगळ्या चाचण्यांनी खात्री करावीच लागते.

४५ व्या दिवसापर्यंत कंडोमशिवाय संबंध नको, कारण लागण असेल तर रक्तातला विषाणू याच आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. तपासणी फुकटात होईल म्हणून रक्तदानाला तर मुळीच जाऊ नकोस. सुरुवातीच्या दिवसांतली लागण तिथल्या चाचणीतूनही निसटू शकते आणि ती पिशवी दुसऱ्याला चढते. पुढे कधी असं घडलं तर मला पत्र लिहीत बसू नकोस. ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, डॉक्टरकडून पेप, म्हणजे लागण रोखणारी औषधं, सुरू कर. २८ दिवस रोज गोळ्या. या वेळी ती मुदत टळली.

समजा पॉझिटिव्ह आलंच. लगेच एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, सुरू करायची आणि गोळी चुकवायची नाही. बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सहा महिन्यांत इतका खाली येतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एका ताटात जेवणं, मिठी, डास यांतून तर ती कधीच होत नाही, तेव्हा घरात वेगळा पेला घेऊन बसलायस तो आजच परत मांडणीवर ठेव.

रिपोर्ट आला की 'निगेटिव्ह' एवढंच कळवू नकोस. चाचणीचं पूर्ण नाव आणि रक्त दिल्याची तारीख कागदावर छापलीय तशी उतरवून पाठव.

तुझा,
शिरीष