न लिहिलेल्या कादंबरीची कथानके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या स्तंभात नुकतेच एका पत्रलेखकांनी असे मत मांडले की, मित्रमंडळींनी एकत्र बसून भावी कादंबरीची कथानके रचणे हा निव्वळ कालापव्यय असतो आणि जी गोष्ट तोंडाने सांगून झाली ती पुढे कागदावर उतरत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. आणि उरलेले अर्धे मला फार मोलाचे वाटत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आम्ही पाच जण गेली काही वर्षे नियमाने भेटतो. आमच्यातल्या एका मैत्रिणीला कादंबरी लिहायची आहे. बाकीच्या चौघांना लिहायची नाही. तिची लिहून व्हावी एवढीच आमची इच्छा आहे. एका भेटीत तिने इतकेच सांगितले की, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाच्या पत्त्यावर अजूनही पत्रे येतात आणि तिथला जुना पोस्टमन ती परत पाठवत नाही. त्यावर आमच्या सूचनांचा नुसता पाऊस पडला. ही पत्रे पोस्टमन स्वतःच लिहीत असावा, असे एकाने सुचवले. दुसऱ्याच्या मते पत्रे धाडणारा माणूस इतकी वर्षे तुरुंगात असल्यामुळे त्याला गाव बुडाल्याचा पत्ताच नव्हता. तिसऱ्याने त्यात खून आणला. मैत्रीण सगळे ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हते. मग आमच्यात सर्वांत कमी बोलणाऱ्या मित्राने विचारले, “तो ही पत्रे ठेवतो कुठे? घरीच ठेवत असेल, तर घरच्यांना ते ठाऊक आहे का?”

या साध्या प्रश्नाने ते सगळे घर उभे राहिले. पत्र्याची ट्रंक आली, ती उघडू नये म्हणून बजावणारी बायको आली, आणि त्या परक्या पत्रांतल्या अक्षरांवर बोट ठेवत चोरून वाचायला शिकलेली मुलगी आली. पोस्टमनची म्हणून सुरू झालेली कादंबरी त्या रात्री मुलीची झाली. आम्ही सुचवलेल्या घटनांपैकी एकही तिने घेतली नाही, आणि याचे आम्हाला वाईट वाटण्याचे काहीच कारण नव्हते. कारण त्या घटना नाकारता नाकारताच तिला काय नको आहे हे कळत गेले. कथानक म्हणजे घटनांची जंत्री नव्हे. एका घटनेतून दुसरी का निघाली, याचे पटणारे उत्तर म्हणजे कथानक, आणि हा ‘का’ एकट्याने स्वतःला विचारणे कठीण असते, कारण लेखकाला आपल्या पात्रांविषयी जे आतून ठाऊक असते ते आपण सांगितलेच आहे असा त्याचा समज असतो. ते सांगितलेले नाही, हे समोर बसलेल्या मित्रालाच दिसते.

आता पत्रलेखकांच्या आक्षेपाकडे वळतो. 2009 मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की, स्वतःच्या ओळखीशी जोडलेला एखादा संकल्प दुसऱ्यासमोर बोलून दाखवला आणि त्याने त्याची दखल घेतली, तर त्या दिशेने प्रत्यक्ष केले जाणारे काम कमी होते. जणू दखल घेतली गेली यातच माणसाला आपण थोडे पोहोचल्याचे समाधान मिळते. म्हणजे ‘मी कादंबरी लिहिणार आहे’ असे वारंवार जाहीर करणे घातक ठरू शकते, हे मला मान्य आहे. परंतु ‘पोस्टमन पत्रे कुठे ठेवतो?’ हा प्रश्न संकल्पाची घोषणा नाही, ते कादंबरीचेच काम आहे. पत्रलेखकांनी या दोन गोष्टी एकाच तराजूत घातल्या, इथे माझा मतभेद आहे.

मंडळी एकत्र बसली की आपोआप अधिक सुचते, असा माझाही दावा नाही. अ‍ॅलेक्स ऑस्बर्न या जाहिरात व्यावसायिकाने समूहाने कल्पना काढण्याच्या पद्धतीचा मोठा पुरस्कार केला होता. पण 1958 मध्ये येल विद्यापीठात झालेल्या अभ्यासात चौघांच्या गटापेक्षा वेगवेगळे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या एकत्रित कल्पना जास्त भरल्या. पुढे 1987 मध्ये डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, याचे मोठे कारण म्हणजे एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते आणि त्या थांबण्यात सुचलेले विरून जाते. हे कळल्यापासून आम्ही आधी वीस मिनिटे न बोलता आपापल्या वहीत लिहितो आणि मगच वाचून दाखवतो. तो कमी बोलणारा मित्र तेव्हापासून सर्वांत आधी वाचतो.

अशा बैठकींतून काय निघू शकते याचे सर्वांना परिचित उदाहरण 1816 सालचे आहे. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यामुळे युरोपात त्या साली उन्हाळा असा पडलाच नाही, आणि जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मित्रांमध्ये बायरनने प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी अशी सूचना केली. बायरन आणि शेली या दोन्ही नामवंत कवींनी आपापल्या गोष्टी अर्धवट सोडल्या. शेलीची पुढे पत्नी झालेल्या अठरा वर्षांच्या मेरीला मात्र कितीतरी दिवस काही सुचत नव्हते. ती त्या दोघांची जीवनतत्त्वाविषयीची चर्चा बहुतांशी गप्प राहून ऐकत होती, आणि 1818 मध्ये छापून आलेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी तिचीच. कल्पना कोणाला आधी सुचली यापेक्षा कोण टिकून लिहीत राहिले, याला किती महत्त्व आहे, हे मला त्या पावसाळी दिवसांतून कळते.

त्याच घटनेची दुसरी बाजू मात्र अशा मंडळींनी डोळ्यांसमोर ठेवावी. बायरनने टाकून दिलेल्या गोष्टीचा धागा उचलून त्याचा डॉक्टर पोलिडोरी याने रक्तपिपासू उमरावाची कथा लिहिली, आणि 1819 मध्ये ती छापली गेली तेव्हा तिच्यावर नाव पडले बायरनचे. लिहिणाऱ्याला त्याचे श्रेय झगडून मागावे लागले. कायद्याच्या दृष्टीने नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. बौद्धिक संपदेविषयीच्या 1994 च्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स करारातही कॉपीराइटचे संरक्षण अभिव्यक्तीला आहे, कल्पनेला नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. पण मैत्री कायद्याच्या आधाराने चालत नाही. म्हणून आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवून टाकले की, इथे बोललेले सर्व काही त्या मैत्रिणीचे; एखादी कल्पना कोणाला स्वतःसाठी राखायची असेल, तर त्याने ती बोलूच नये. रशियन लेखक गोगोलला त्याच्या ‘मृत आत्मे’ या कादंबरीचे कथाबीज कवी पुश्किनने दिले, असे गोगोलनेच लिहून ठेवले आहे, आणि ते पुश्किनने स्वतःसाठी राखून ठेवलेले होते. असे औदार्य सगळ्यांना जमत नाही, आणि न जमणाऱ्याला दोषही देता येत नाही. पण नियम आधी ठरलेला असला तर मनात अढी उरत नाही.

आमच्या मैत्रिणीची तीन प्रकरणे लिहून झाली आहेत. ती आम्हाला अजून वाचायला मिळालेली नाहीत, आणि तेच योग्य आहे. लिहिण्याच्या खोलीत आमचे काम नाही. मागच्या भेटीत तिने एक अडचण मात्र आमच्यासमोर ठेवली. पत्रे जपणारा हा पोस्टमन नेकीचा माणूस आहे, दुसऱ्याचे पत्र तो उघडणार नाही. मग मुलीच्या हाती आलेले पहिले पत्र उघडे कसे? आम्ही चौघांनी वहीत बरेच लिहिले, पण पटेल असे कोणालाच सुचले नाही. पत्रलेखक महाशयांना सुचले, तर त्यांनी याच स्तंभातून अवश्य कळवावे.

आपला,
एक वाचक