भाजलेले लाकूड म्हणजे कोळसा नव्हे

महोदय,

लाकडी इंधनाच्या चर्चेत ‘टॉरिफॅक्शन’ (हवा लागू न देता लाकूड भाजणे) हा शब्द हल्ली वरचेवर ऐकू येतो आणि त्याचा अर्थ ‘लाकडाचा कोळसा करणे’ असा सांगून लोक मोकळे होतात. माझी तीस वर्षे बॉयलरसमोर गेली, शेवटची चार तर लाकूड भाजणाऱ्या यंत्राशेजारीच. म्हणून हे पत्र लिहावेसे वाटले.

आधी ओल्या चिप्सचे, म्हणजे इंधनासाठी केलेल्या लाकडाच्या लहान तुकड्यांचे सांगतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. भट्टीची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते, उरेल त्यातून वाफ. पावसात ढीग भिजला की पाळीभर दाब सावरता सावरता जीव मेटाकुटीला येई. ढिगाच्या पोटात हात घातला तर गरम लागायचा आणि बुरशीचा वास यायचा, कारण लाकूड तिथे पडल्या पडल्या कुजत असे. वाळवले तरी ते पुन्हा ओल धरते. दळायला जावे तर तंतू इतके चिवट की तुटण्याऐवजी पिंजत जातात.

हवा लागू न देता 200 ते 300 अंश सेल्सिअसला, साधारण पंधरा मिनिटे ते तासभर, हेच लाकूड भाजले की त्याचा स्वभाव पालटतो. तंतूंना बांधून ठेवणारे हेमिसेल्युलोज आधी मोडते. लाकूड खुसखुशीत होते, दळायला थोडी वीज पुरते, आणि पाणी धरून ठेवणारे रासायनिक गट कमी झाल्याने ते पूर्वीसारखी ओल धरत नाही. कोरड्या लाकडाचे वजन सुमारे 70 टक्के उरते, पण ऊर्जा 90 टक्क्यांच्या आसपास टिकते. कोळसा करताना याहून बरेच जास्त तापवतात आणि लाकडातली साधारण निम्मीच ऊर्जा कोळशात राहते. फरक आहे तो इथे. खरपूस भाजणे आणि जाळून काळे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता सलग भाजण्याविषयी. बंद भांड्यात एकेक घाणा भाजला तर कडेचे तुकडे करपतात, मधले कच्चे राहतात, आणि दर खेपेला तापवणे-निववणे नव्याने. फिरत्या ड्रममधून किंवा स्क्रूमधून माल सतत पुढे सरकत गेला तर प्रत्येक तुकड्याला जवळपास सारखाच वेळ मिळतो. शिवाय भाजताना सुटणारा वायू सतत येत राहतो. तो जाळून लाकूड वाळवण्याची आणि भाजण्याची बरीचशी उष्णता मिळते. यंत्र मध्येच थांबले की हाच वायू नळ्यांत थंड होतो आणि आतून डांबर बसते. त्याचा व्हिनेगरसारखा आंबट वास कपड्यांतून जात नाही. ते डांबर मी खरवडले आहे, म्हणून सांगतो, सलग चालण्याची किंमत तेव्हा कळते.

पण सलग म्हणजे बिनघोर नव्हे. लहानमोठे तुकडे मिसळले तर भुगा करपतो, जाड तुकडा आतून पिवळाच राहतो. तोंडाच्या झडपेतून हवा शिरली तर आत आग. तापमान तीनशेकडे सरकू लागले की लाकूड स्वतःच उष्णता सोडते आणि मग हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. एका रात्री आमच्याकडे माल पुरता निवण्याआधीच साठवणीच्या टाकीत सोडला गेला. पहाटे टाकीचा पत्रा हाताला चटका देत होता. आतला माल धुमसत होता. कोणाला इजा झाली नाही, पण त्यानंतर निववणाऱ्या स्क्रूच्या शेवटचे तापमान पाहिल्याशिवाय मी कधी माल पुढे सोडला नाही.

माझी तक्रार आहे ती इंधन खपवताना एकटा उष्मांक, म्हणजे किलोमागे मिळणारी उष्णता, पुढे करण्याबद्दल. तो चढवणे मुळीच अवघड नाही. माल जास्त भाजा, आकडा वर जातो. पण त्या नादात किती लाकूड वायू होऊन गेले, आणि तो वायू उष्णता म्हणून परत आला की धुराड्यातून वर गेला, हे कोणी सांगत नाही. राखेचेही तसेच. भाजल्याने राख जात नाही. वजन घटते म्हणून मालातले तिचे प्रमाण उलट वाढते. साल आणि माती असलेले लाकूड भाजूनही भट्टीत क्लिंकर, म्हणजे वितळलेल्या राखेचा कडक थर, धरतेच. तो फोडायला पहार लागते आणि पहार मारणाऱ्याला उष्मांकाचा आकडा उपयोगी पडत नाही.

तेव्हा अशा इंधनाची बातमी छापताना उष्मांकाशेजारी आणखी दोन आकडे मागून घ्यावेत: आत गेलेल्या लाकडातली किती टक्के ऊर्जा मालात उतरली, आणि मालात राख किती.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट