अनारसा हसला की काय करायचं, हे मुलांना शिकवणाऱ्या माईंना

अधिक ज्येष्ठ, शके १९४८

ती. माईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम उघडं लिहीत आहोत. देवाधर्माचं करणारं घर आणि मुलांची शाळाही घरातच, अशी आमच्यासारखी आणखी घरं आहेत आणि त्यांना पडणारे प्रश्न तेच आहेत. तुमचे आभार मानताना तुम्ही नेमकं काय शिकवलंत ते तपशिलात लिहिलं, तर त्यांच्याही उपयोगी पडेल.

पहिले आभार भिंतीवरचं वेळापत्रक काढून टाकायला लावल्याबद्दल. नऊला गणित, पावणेदहाला मराठी, असं शाळेसारखं आखलेलं वेळापत्रक अशा घरात आठवडाभरही टिकत नाही. मधेच एकादशी येते, संकष्टी येते, कुणाचं श्राद्ध येतं, आणि एक तास हुकला की पुढचा सगळा दिवस घसरतो. तुम्ही म्हणालात, दिवसाला खुंट्या तीनच ठेवा: सकाळची पूजा, दुपारचा नैवेद्य आणि तिन्हीसांजेचा दिवा. पूजा ते नैवेद्य हा डोक्याचा वेळ, म्हणजे गणित आणि लेखन. नऊ वर्षांपुढच्या मुलाला फार तर दोन तास, सहा वर्षांच्याला वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका. जेवणानंतर हातकाम आणि मोठ्याने वाचून दाखवणं. दिवा लागला की पाठांतर. सण आला तरी खुंट्या हलत नाहीत, दोन खुंट्यांमधलं काम तेवढं कमी-जास्त होतं.

यासाठी स्वयंपाक अभ्यासाच्या आड येऊ द्यायचा नाही, हे तुमचंच. कडधान्य रात्री भिजत, तांदूळ-डाळ आठवड्याची एकदम निवडून डब्यात, कणीक मळून ओल्या फडक्याखाली. कुकर पूजेला बसण्याआधी चढवायचा, म्हणजे शिट्ट्या होऊन दाब आपोआप उतरेपर्यंत आरती आटोपते. धड्याच्या मधोमध आई किंवा बाबा उठले की मुलाचं लक्ष परत जागेवर यायला पंधरा मिनिटं जातात, म्हणून पोळ्या अभ्यास संपल्यावरच. भाजी चिरणं मात्र अभ्यासात धरायचं. पावकिलो गवार मोडताना आठ वर्षांच्या मुलाला तीनचा पाढा तोंडी म्हणता येतो.

वाचनाची जी खोच तुम्ही दाखवलीत, ती आमच्या कधीच लक्षात आली नसती. हरिपाठ रोज कानावर पडणाऱ्या घरात मूल पाच-सहा वर्षांचं होईतो अभंग पाठ झालेले असतात. मग ते ओळीखाली बोट ठेवून घडाघडा म्हणतं, आणि घरच्यांना वाटतं वाचायला आलं. ते वाचत नसतं, आठवत असतं. ओळखण्याची तुमची रीत साधी: शेवटच्या चरणापासून उलट वाचायला सांगायचं, किंवा मधलाच एखादा शब्द पाटीवर लिहून सुटा दाखवायचा. अडलं तर बाराखडी कच्ची आहे. मग महिनाभर पोथी फक्त म्हणायला, वाचायला अनोळखी मजकूर. किराण्याची यादी, औषधाच्या बाटलीवरची सूचना, एसटीच्या पाट्या, काहीही, फक्त पाठ नसलेलं.

शुद्धलेखनाचंही तसंच. जुन्या पोथीत तें, जेणें, माझें असे अनुस्वार जागोजाग असतात. उच्चार होत नसलेले ते अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. पोथी उतरवून काढणारं मूल निबंधातही प्रत्येक ‘ते’वर टिंब देतं आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतो. त्याने डोळ्यांना दिसलं तेच लिहिलेलं असतं. तेव्हा उतारा आजच्या गद्याचा, पाठांतर पोथीचं, आणि दोन्हींच्या वह्या वेगळ्या.

आता पंचांग. ते भिंतीवर टांगलेलं असतं, पण त्यात गणिताचं एवढं पुस्तक दडलंय हे तुम्ही उलगडून दाखवलंत. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी. ३० तिथ्या, ३६० अंश, एक फेरा पुरा. नऊ-दहा वर्षांचं मूल कोनमापकाने वर्तुळाचे ३० भाग पाडून यावर स्वतः अमावास्या आणि पौर्णिमा मांडू शकतं. तिथी सारख्या लांबीची नसते, साधारण १९ ते २६ तासांची असते, म्हणून कधी तिथीचा क्षय होतो, म्हणजे ती एकाही सूर्योदयाला सापडत नाही, आणि कधी वृद्धी, म्हणजे तीच तिथी दोन सूर्योदयांना असते. शके आणि इसवी सनात ७८ ची बेरीज, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९, कारण आपलं वर्ष तेव्हा बदललेलं नसतं. मुलं हमखास चुकतात ती इथे. आणि अधिक महिना: बारा चांद्रमासांचे सुमारे ३५४ दिवस, सौर वर्षाचे ३६५, वर्षाला जवळपास ११ दिवसांची तूट. ती साठत साठत सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एका महिन्याएवढी होते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, यंदा अधिक ज्येष्ठ. जावयाला ३३ अनारसे का देतात, असं मुलं विचारतात, तेव्हा हा हिशेब आधी करून घ्यायचा आणि मग तांदूळ भिजवायचे.

अनारशांसाठी तुमचे वेगळे आभार, माई. मुलांना धीर शिकवणारा दुसरा पदार्थ नाही. तांदूळ जुना हवा, नव्याला चिकटपणा फार. धुऊन तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. हे काम सहा वर्षांच्या मुलाचं, आणि रोज वास घेऊन वहीत लिहायचं. चौथ्या दिवशी निथळून सुती कापडावर सावलीत पसरायचा. उन्हात नाही, कारण पूर्ण वाळला की पीठ गूळ धरत नाही. हाताला दमट लागेल पण ओल उमटणार नाही, तेव्हा दळायचा आणि बारीक चाळणीने चाळायचा. चार वाट्या पिठाला तीन वाट्या किसलेला गूळ आणि चमचाभर तूप. वाटीभर कोरं पीठ बाजूला राखून ठेवायचं, ते कशाला ते पुढे कळतं. कालवल्यावर मिश्रण भुरभुरीत दिसतं आणि नवशिका हटकून पाण्याचा हात लावतो. तिथेच सगळं बिघडतं. गुळाला रात्रीत पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी गोळा आपोआप मऊ होतो. डब्यात घट्ट बंद करून पाच-सहा दिवस मुरवायचा.

तळताना सुपारीएवढी गोळी केळीच्या पानावर खसखशीवर थापायची आणि खसखस वर ठेवून मंद आचेच्या तुपात सोडायची. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. आणि सोडल्याबरोबर तो पसरून विरघळला, म्हणजे अनारसा हसला! तुम्ही मुलांना त्या क्षणी गॅस बंद करून कारण शोधायला लावलंत. गूळ जास्त, पीठ ओलं, की तूप पुरेसं तापलेलं नाही? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी आच जरा वाढवून दुसरी गोळी. तीही हसली तर राखलेलं कोरं पीठ चमच्या-चमच्याने मळून तिसरी. उलट अनारसा कडक झाला, जाळी पडली नाही, तर गोळ्याला चमचाभर दूध किंवा थोडं कुस्करलेलं केळं. प्रयोगवहीत अंदाज, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष असे चार रकाने असतात. ते चारही इथे तुपासमोर उभं राहून भरले जातात.

एकादशीबद्दल एवढंच, की लहानांना कडक उपास करू न देण्याचा तुमचा आग्रह आम्ही पाळतो. सकाळी राजगिऱ्याची लाही दुधात, दुपारी वाटीला तीन वाट्या पाण्यात शिजवलेली भगर आणि दाण्याची आमटी. अवघड गणित त्या दिवशी नको.

शेवटचे आभार कागदपत्रांच्या शिस्तीचे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देता येते, ती मराठीतूनही. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, जन्मदाखला हवा, आणि शाळेत न गेलेल्या मुलासाठी दहावीचा अभ्यास झेपेल इतकं शिकल्याचं स्वयंप्रमाणपत्र चालतं. विषय किमान पाच, त्यांत निदान एक भाषा. नोंदणी पाच वर्षं चालते आणि नऊ संधी मिळतात, म्हणजे मुलाची तयारी होईल तसे एक-दोन विषय देत पुढे जाता येतं. विषयांत गृहविज्ञान आहे, प्रात्यक्षिकासह, आणि ते आमच्या डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. रोजनिशीही तुमच्यामुळेच सुरू झाली: तारीख, तिथी, कोणत्या पुस्तकाची कोणती पानं, काय अडलं. रात्री दिवा शांत झाल्यावर चार ओळी. ‘काय अडलं’ हा रकाना नसेल तर बाकीच्यांचा उपयोग नाही, हे तुमचं म्हणणं महिन्याभरातच पटलं.

सोबत डब्यातून अनारशाच्या पिठाचा गोळा पाठवत आहोत. आज त्याचा चौथा दिवस आहे, परवा तळा. यंदाचा गूळ मऊ होता, तेव्हा आधी एकच सोडून बघा. लागलं तर कोरं पीठ पुडीत वेगळं बांधलं आहे.

आपली,
घरी शिकवणारी तीन घरं