धाकल्याचं अजून काहीच कळलेलं नाही

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर

प्रिय बाळू,

परवा तुझा फोन आला तेव्हा वहिनी, धाकल्याची बायको, समोरच बसली होती, म्हणून "बघू, कळवतो" एवढंच बोललो. त्याचा शोध थांबला रे. तटरक्षक दलाचं जहाज फिरलं, हेलिकॉप्टर फिरलं, उरणकडच्या करंजा-मोऱ्याच्या बोटी फिरल्या. हाती काही लागलं नाही.

गावात या गोष्टीच्या चार तऱ्हा झाल्यात, म्हणून बोट चालवणाऱ्या तांडेलाने मला करंजा बंदरावर जे सांगितलं तेच लिहितो. मासेमारीची बंदी उठल्यानंतरची फेरी. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला, दोन महिने खलाश्याच्या हातात पैसा नाही; मग वारा जरा पडला की कोण थांबतो? पहाटे जाळं ओढताना ते तळाशी कशाला तरी अडकलं. जाळं ओढायची विंच ओढत राहिली. जाळं येईना, उलट बोटच त्या अंगाला कलली, आणि तेवढ्यात आडवी लाट बसली. डेकवरचं पाणी, मच्छीचे क्रेट सगळं कलत्या बाजूला गेलं. बोट परत सरळ झालीच नाही. बाकीचे रिकाम्या कॅनला धरून तरंगले, दुसऱ्या बोटीने त्यांना उचललं. धाकल्या तेवढ्यात इंजिनाकडे खाली उतरला होता.

लाइफ जॅकेटं होती. केबिनच्या फळीखाली, दुकानातल्या प्लास्टिकसकट. घालून काम सुधरत नाही म्हणे. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, विमा आणि परवान्यासाठी ती विकत घेतो, घालायला लावत नाही. तांडेलावर मी चिडलो नाही, त्याचेच हात थरथरत होते.

आपले बाप करंज्याला कशाला गेले असते? ओहोटीला पाटीभर चिंबोऱ्या, बोय, एखादा जिताडा, घर चालायचं. आता खाडी गाळाने भरली, पाण्याला वास येतो. फ्लेमिंगो बघायला लोक कॅमेरे घेऊन येतात, २०२२ ला ठाणे खाडी रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली, चांगलं झालं. पण धाकल्याला दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जावंच लागलं.

आता खरं सांगायचं ते. माणूस गेला तर रडता येतं, वहिनीला तेही जमत नाही. मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात मृत्यूला ५ लाख मिळतात, पण आधी मृत्यूचा दाखला लागतो, आणि आमच्याकडे कागद आहे तो बेपत्ता असल्याच्या नोंदीचा. वकील म्हणाले, सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर कायदा माणूस गेला असं धरून चालतो. त्याआधी हवं असेल तर सोबतच्या खलाश्यांच्या साक्षी घेऊन कोर्टात जा. तेच करतोय. तिघे यायला तयार आहेत, चौथा गावी निघून गेलाय. गेल्या आठवड्यात रेशनच्या दुकानात केवायसी चालू होती. कार्डावर नाव आहे, माणसाला घेऊन या, अंगठा लागेल, असं तिला सांगितलं. ती काही न बोलता रांगेतून बाहेर आली आणि घरी येऊन भांडी घासत बसली. घासलेलीच.

त्यात गावचं वेगळंच. पालाशविधी, म्हणजे देह नसताना पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यविधी, करून मोकळं करा, असा चार बायकांचा धोशा आहे. रोज कुणीतरी येऊन "बाय, किती दिस वाट बघशील?" म्हणतं. जुनी माणसं सांगतात की अशा माणसासाठी बारा वर्षं थांबायची रीत होती. मग आत्ताच कसली घाई? मंगळसूत्र तिचं आहे. तिला वाटेल तेव्हा ती काढेल, नाहीतर नाही काढणार. धाकल्याची आई मात्र यात एक शब्द बोलत नाही, रोज सुनेला बळेच दोन घास भरवते.

राग मानू नकोस, पण त्या चार बायकांत तुझी आई पुढे आहे. मनात वाईट नाही तिच्या, मला माहीत आहे. माझं ती ऐकत नाही. "तुला काय कळतं" म्हणून उडवून लावते. तुझं ऐकते. आजच फोन कर आणि सांग, त्या घरी जायचं तर कालवण घेऊन जा, पण हा विषय काढू नकोस.

पोराच्या फीचे पैसे पाठवणार होतास, ते माझ्या खात्यावर टाक. वहिनीला थेट दिलेस तर परत करेल. शाळेत मी बोलून ठेवलंय, दिवाळीपर्यंत थांबतील.

तुझा,
बंड्या