कुत्रा सोडून द्या, दंड फक्त पन्नास रुपये!

संपादक महोदय,
भटक्या कुत्र्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ ला दिलेल्या आदेशावर तुमच्याकडे अजून पत्रं येतायत, नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा होता तिथेच सोडायचा हे मलाही पटतं, पण मालकांनी घरातून रस्त्यावर सोडलेल्या कुत्र्यांचं कोणी नावच काढत नाही. आमच्या मंडईमागे सध्या एक लॅब्राडोर फिरतोय, गळ्यावर पट्ट्याचा वळ अजून दिसतो, कुठलीही स्कूटर थांबली की शेपटी हलवत धावतो बिचारा.

२०२३ च्या एबीसी (प्राणी जन्मनियंत्रण) नियमांत पाळीव प्राण्याची लस, जंताचं औषध, नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे असं स्पष्ट लिहिलंय. आणि प्राणी वाऱ्यावर सोडला तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये! दोन वडापावचे पैसे.

दंड वाढवणं दिल्लीच्या हातात, होईल तेव्हा होईल. पण कुत्रा पाळायचं लायसन्स तर महापालिकाच देते ना? नुसता कागद मिळणार असेल तर लोक कशाला खेटे घालतील, त्यापेक्षा रविवारी वॉर्ड ऑफिसातच लायसन्ससोबत रेबीजची लस आणि कातडीखाली बसवायची, मालकाच्या नोंदीशी जोडलेली मायक्रोचिप द्या, चिप असली की सोडलेल्या कुत्र्याचा मालक शोधता येतो, फी थोडी जास्त घेतलीत तरी आम्ही भरू.

– एक श्वानपालक