‘अनबफर्ड’ म्हणून विकलेल्या कागदात बफर निघाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १००% कॉटन, ‘अनबफर्ड’ कागदाची सदोष बॅच, पैसे परत मिळणे आणि उरलेल्या मालाची विक्री थांबवणे

महोदय/महोदया,

‘अनबफर्ड’ म्हणजे आम्ल मारणारे कॅल्शियम कार्बोनेट (बफर) न घातलेला कागद. वरील कागदात ते निघाले, आणि त्यामुळे माझे प्रिंट बिघडले. याबद्दलची माझी पहिली तक्रार आपल्या विभागाने ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केली. निराकरण असे, की फोनवरच्या मुलाने ‘मॅडम, मुंबईत दमटपणा असतो’ असे सांगितले आणि त्याच कागदावर इंकजेटने छापलेल्या जास्वंदीचा फोटो ईमेलने पाठवला. जास्वंद सुरेख आली आहे. मी मात्र इंकजेट वापरत नाही, हे पहिल्याच तक्रारीत लिहिले होते. म्हणून पुन्हा लिहिते आहे. या वेळी कागदातले कळणाऱ्या माणसाने हे पत्र वाचावे, एवढी विनंती.

मी लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यावर काम करते आणि प्लॅटिनम प्रिंट हाताने काढते. या प्रिंटसाठी कागदावर लावायचे द्रावण मुख्यतः अतिनील प्रकाशालाच दाद देते आणि तेही सावकाश, त्यामुळे एन्लार्जरखाली निगेटिव्ह मोठे करून छापण्याची सोय नाही. निगेटिव्ह कागदावर ठेवून काचेखाली दाबायचे. जेवढे निगेटिव्ह तेवढेच चित्र. ८ बाय १० इंचांची फिल्म आणि ते अवजड धूड घेऊन मी गिरगावातल्या चाळींचे जिने चढते ते याचसाठी, हौस म्हणून नव्हे.

इंकजेटमध्ये शाई कागदावरच्या लेपात बसते. नेहमीच्या कृष्णधवल फोटोत चांदी जिलेटिनच्या थरात असते. माझ्या कामात असा कुठलाच थर नसतो. फेरिक ऑक्झलेट आणि प्लॅटिनम-पॅलेडियमचे क्षार मिसळून ब्रशने थेट कागदावर फिरवते. प्रकाश लागला की फेरिक लोहाचे फेरस होते, आणि पोटॅशियम ऑक्झलेटच्या डेव्हलपरमध्ये ते फेरस लोह क्षारातला धातू मोकळा करते. तो धातू कापसाच्या तंतूंतच अडकून बसतो. म्हणजे कागदात जे काही मिसळलेले असेल ते थेट चित्रात उतरते. विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले, त्यानंतर काही दशके रसायन लावलेला तयार कागद दुकानात मिळत असे. पहिल्या महायुद्धात नायट्रिक ॲसिडच्या कारखान्यांना, म्हणजे पर्यायाने दारूगोळ्याला, प्लॅटिनम लागू लागले, भाव कडाडले आणि तो कागद बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला. आज हे काम करणारे बहुतेक जण कोरा कागद आणून स्वतः कोटिंग करतात. त्या कोऱ्या कागदाच्या लेबलवर विश्वास ठेवण्यापलीकडे आमच्या हाती फारसे काही नसते.

आता दोषाबद्दल. आपल्या नव्या बॅचवर कोटिंग केले की द्रावण जागोजागी कमी-जास्त शोषले जाते. जिन्याखालचा काळोख, जो गडद आणि मखमली यायला हवा, तो राखाडी आणि दाणेदार येतो. आकाशात ठिपके उमटतात. उरलेले लोह काढणाऱ्या ईडीटीए या रसायनात पुन्हा पुन्हा धुऊनही पांढऱ्या भागातली पिवळी झाक जात नाही. हे सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे लक्षण आहे. कागद आम्लामुळे जुनाट होऊ नये म्हणून ते लगद्यात घालतात, आणि जलरंगवाल्यांसाठी ते चांगलेच आहे. पण फेरिक ऑक्झलेट आम्लधर्मी असते. ते कार्बोनेटशी लगेच भिडते, लोहाचा काही भाग प्रकाश पडण्याआधीच वाया जातो आणि गंजासारखा तंतूंत रुतून बसतो.

हा नुसता अंदाज नाही. आपल्याच जुन्या बॅचचा एक ताव माझ्याकडे शिल्लक होता. तो आणि नवा ताव शेजारी ठेवून, एकाच बाटलीतल्या द्रावणाने, एकाच निगेटिव्हवरून, एकाच संध्याकाळी प्रिंट काढले. जुन्यावरचा प्रिंट हवा तसा आला, नव्यावरचा वर लिहिल्याप्रमाणे. मग दोन्हींच्या कोऱ्या कडांवर विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकून भिंगाखाली पाहिले. नव्या कागदावर बुडबुडे आले, जुन्यावर नाहीत. पीएच (आम्लता) तपासण्याच्या पेनाची रेघही नव्या कागदावर जांभळी, म्हणजे कागद आम्लधर्मी नसल्याची, उमटली. ॲसिड प्रिन्सेस स्ट्रीटवर सहज मिळते. गोदामातला एक ताव घेऊन आपणही हे करून पाहू शकता, जास्वंद छापण्यापेक्षा कमी वेळ लागेल.

राहिला दमटपणा. दोन्ही ताव एकाच खोलीत, एकाच कपाटात होते. मुंबईची हवा बॅच नंबर बघून लागत नाही. शिवाय प्लॅटिनमच्या कामाला थोडी ओल हवीच असते. कागद अगदी कोरडा झाला तर काळा रंग फिका पडतो, म्हणून कोरड्या हवेतले लोक मुद्दाम वाफ सोडून खोलीची आर्द्रता ५०-६० टक्क्यांवर नेतात. मी आषाढात डीह्युमिडिफायर लावून तिथवर खाली आणते. तेव्हा पावसाला मध्ये आणू नये.

‘कागद वापरण्यापूर्वी ॲसिडमध्ये भिजवून घ्या’ असा सल्लाही मला मिळाला. तसे करता येते, काही जण करतातही. पण भिजवून वाळवल्यावर कागदाची खळ बदलते, ताव आखडतो. आणि ते सगळे मलाच करायचे असते तर मी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून कुठलाही स्वस्त कागद आणला असता, ‘अनबफर्ड’चे जादा पैसे मोजले नसते.

गिरणीने लगदा बदलला असेल किंवा आपण गिरणी बदलली असेल. त्यात गैर काही नाही. जुने लेबल नव्या कागदावर तसेच ठेवले, तक्रार त्याची आहे.

मला कागदाची पूर्ण किंमत डिलिव्हरीच्या खर्चासह परत हवी, आणि वाया गेलेल्या प्लॅटिनम-पॅलेडियम क्षारांची भरपाई हवी. कागदापेक्षा ही रक्कम मोठी आहे. पावत्या जोडल्या आहेत. ही बॅच या लेबलखाली विकणे ताबडतोब थांबवावे आणि ज्यांनी ती घेतली त्यांना कळवावे. या शेवटच्या मागणीवर मी अडून बसणार आहे. माझ्याकडे तुलनेला जुना ताव होता. नव्याने शिकणाऱ्याकडे तो नसतो. त्याला वाटेल आपलाच हात अजून बसलेला नाही, आणि तो महागाचे क्षार ओतत राहील.

माझा वापर व्यावसायिक असल्याने मी ‘ग्राहक’ ठरत नाही, असेही सुचवले गेले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली व्याख्या पाहावी. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्यात व्यावसायिक धरलेली नाही. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

दोन्ही प्रिंटच्या पट्ट्या, दोन्ही बॅचची लेबले आणि बिलाची प्रत सोबत आहे. पट्ट्या तपासून झाल्यावर परत पाठवाव्यात. त्यांना स्टेपल मारू नये आणि घडी घालू नये.

आपली,
एक जुनी ग्राहक
गिरगाव, मुंबई