जुन्या लाँचची गळकी टाकी : ठिगळांवरचा खर्च थांबवावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात माणसे, जाळी आणि सामान वाहणाऱ्या जुन्या लाँचमधील पिण्याच्या पाण्याच्या टाक्या गळू लागल्या, की दरवर्षी त्याच टाकीवर तोच खर्च पुन्हा केला जातो आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा गळते. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

चहूकडे पाणी असताना लाँचवर टाकी कशाला, असे बाहेरगावचा वाचक विचारील. नागपूरचे सांडपाणी पोटात घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि ती कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेत येते. धरणाने अडवलेल्या त्या पाण्यावर जलपर्णी कशी पसरते, हे पवनी आणि कुही तालुक्यांतील लोकांना सांगावे लागत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना दिवसभर जाळ्यावर राहणाऱ्या ढिवर बांधवांना आणि पैलतीरी जाणाऱ्या प्रवाशांना पिण्याचे पाणी काठावरूनच सोबत न्यावे लागते. टाकी गळाली, तर दुपारपर्यंत तांब्याभर पाणीही उरत नाही.

मुळात लाँचच्या तळात पाणी दिसले, की टाकीच फुटली असे गृहीत धरले जाते. ते पाणी पंपाच्या ढिल्या क्लिपमधून आलेले असू शकते, डेकवरील भरणीच्या तोंडाचे वॉशर सुकल्याने उतरलेले पावसाचे असू शकते, लाँच ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट जेथून बाहेर जातो तेथल्या ग्लँडमधून (पाणी अडवणाऱ्या बुचातून) शिरलेले जलाशयाचे असू शकते, किंवा दमट हवेत गार टाकीला सुटलेला नुसता घामही असू शकतो. टाकीत खाण्याचा रंग मिसळून तळातले पाणी रंगते का, हे पाहिले तर निम्मा प्रश्न सुटतो. त्यानंतर टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह रात्री बंद करून पातळीची खूण करून ठेवावी. सकाळी पातळी खुणेवरच असेल, तर टाकी शाबूत असून दोष पाइपात किंवा पंपात आहे. पातळी उतरत जाऊन एखाद्या ठिकाणी थांबली, तर भोक नेमके त्या उंचीला आहे. या तपासाला वेल्डर लागत नाही आणि निविदाही लागत नाही. हवा भरून साबणाच्या फेसाने गळती शोधण्याची हौस मात्र जुन्या सपाट पत्र्याच्या टाकीवर करू नये. दर चौरस सेंटिमीटरला अवघा 100 ग्रॅम दाब दिला, तरी एक चौरस मीटरच्या पत्र्यावर सुमारे 1000 किलोचा भार येतो आणि चांगले सांधेही उघडतात. टाकीच्या हवेच्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी भरून पाहणे पुरेसे आहे.

दोष टाकीतच आहे असे ठरले, तर ती कशाची आहे हे पाहिल्याशिवाय दुरुस्तीचा विचार करता येत नाही. साध्या लोखंडी पत्र्याची टाकी बहुधा बाहेरून आणि खालून जाते. ती ज्या लाकडी पट्ट्यांवर बसवलेली असते त्या वर्षानुवर्षे ओल्या राहतात आणि तेथला पत्रा कागदासारखा होतो. स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही ही समजूत पूर्ण खरी नाही. वेल्डच्या कडेला, किंवा ओले फळकूट पत्र्याला चिकटून राहिल्याने जेथे हवा पोहोचत नाही अशा फटीत, क्लोराइडमुळे त्यातही बारीक भोके पडतात. फायबरची टाकी सहसा कोपऱ्यात तडकते. लोखंडी टाकीला एका जागी भोक पडले, म्हणजे शेजारचा पत्रा तितकाच पातळ झालेला असतो. त्यावर एम-सील दाबणे किंवा चौकोनी पत्रा वेल्ड करणे म्हणजे विरलेल्या धोतराला ठिगळ लावणे होय, ते शिवणीच्या कडेने पुन्हा फाटते. हातोडीने हलके ठोकून सगळीकडून खणखणीत आवाज येत असेल आणि दोष एखाद्या वेल्डपुरताच असेल, तरच दुरुस्ती करावी. स्टेनलेस टाकीचा तडकलेला वेल्ड जाणकार कारागिराने आर्गॉन वायूच्या वेल्डिंगने पुन्हा भरला, तर ती चांगली टिकते. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या) टाकीचे सांधे झाळताना शिशाचा डाख वापरू नये, कारण तेच पाणी लहान मुलेही पितात. आतून रंग द्यायचा असेल, तर पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित असलेला इपॉक्सीच द्यावा आणि तो उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण वाळू द्यावा. दुकानात उरलेला ऑइलपेंट त्या कामाचा नव्हे.

येथे एका धोक्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू घेते. झाकण लावून महिनोन्महिने बंद ठेवलेल्या गंजक्या टाकीत वास येत नाही, धूर दिसत नाही, तरीही आत माणूस जगू शकेल एवढा प्राणवायू उरलेला नसतो. विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला आणि त्याला काढायला उतरलेलाही गेला, अशा बातम्या आपल्या भागाला नव्या नाहीत. टाकीतही हेच घडू शकते. मोठ्या टाकीत डोके घालण्यापूर्वी झाकणे उघडी ठेवून पंख्याने बराच वेळ हवा खेळवावी, काम चालू असतानाही पंखा बंद करू नये, बाहेर एक माणूस दोर धरून उभा असावा आणि त्याने स्वतः आत उडी घेऊ नये. जीआय पत्र्यावर वेल्डिंग करताना उठणाऱ्या जस्ताच्या धुराने कारागिराला ताप भरतो, आणि शेजारीच डिझेलची टाकी असेल तर ठिणगीचा प्रश्न आणखी गंभीर होतो. आमच्या भागातील एका संस्थेच्या अंदाजपत्रकात या सगळ्यासाठी ‘टाकी दुरुस्ती, एक काम’ एवढीच ओळ होती. पत्रा कोणता, सुरक्षेची व्यवस्था काय, पाण्याची तपासणी कोण करणार, यांपैकी एकही गोष्ट त्या ओळीत मावत नाही, आणि मग सर्वांत कमी दर भरणारा ठेकेदार सर्वांत पातळ पत्रा लावून जातो.

माझे स्पष्ट मत असे, की पत्रा पातळ झालेली लोखंडी टाकी दुरुस्त न करता बदलावी, आणि एका मोठ्या टाकीऐवजी दोन-तीन लहान टाक्या बसवाव्यात. जुन्या लाँचमध्ये टाकी आधी ठेवून वरून डेक बांधलेला असतो, त्यामुळे ती अखंड बाहेर काढायची तर डेक कापावा लागतो. जुनी टाकी आतच तुकडे करून काढता येते, नवी मात्र डेकखाली उतरायच्या शिडीच्या तोंडातून जाईल एवढ्याच मापाची घ्यावी लागते. लहान टाक्यांचा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. अर्धवट भरलेल्या रुंद टाकीत लाँच कलली, की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि नाव आणखी कलते. हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाने वाढतो, म्हणून रुंदी मधोमध विभागून दोन टाक्या केल्या, तर तो एक चतुर्थांशावर येतो. माणसांनी भरलेल्या लाँचमध्ये हा फरक लहान नाही. 500 लिटर पाणी म्हणजे 500 किलो वजन, ते पुढे, मागे किंवा एका कुशीला सरकवले, तर लाँचचा समतोल बदलतो. अंतर्देशीय नौका अधिनियम, 2021 अन्वये यांत्रिक नौकांना नोंदणी आणि तपासणी आवश्यक आहे, तेव्हा टाकीची जागा बदलण्यापूर्वी तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा.

प्लास्टिकची टाकी घेताना ती पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस 10146 मानकाच्या पॉलिथिलीनची आहे ना, हे पाहावे. घराच्या छतावरची उभी गोल टाकी हलत्या नावेसाठी केलेली नसते. बसकी, चौकोनी टाकी घ्यावी, तिच्या संपूर्ण तळाला सपाट आधार आणि रबराची चादर द्यावी, पट्टे लाकडी पट्टीवरून आवळावेत आणि भरल्यावर ती थोडी फुगते हे धरून कडेला बोटभर जागा सोडावी. प्रकाश आत गेला की शेवाळ धरते, म्हणून रंग काळा बरा. हंगाम चालू असताना निकड पडली, तर रबरी पिशवीची टाकी लहान तोंडातूनही आत जाते, पण खडबडीत कडेला घासून ती फाटते. तो तात्पुरताच इलाज समजावा.

नवी किंवा दुरुस्त टाकी वापरण्याआधी 500 लिटर पाण्यात साधारण 75 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून तिची निवळ ओतावी, नळांतूनही ते पाणी खेळवून रात्रभर ठेवावे, मग सर्व सोडून देऊन वास जाईपर्यंत धुवावे. स्टेनलेस टाकीत हे पाणी त्याहून जास्त वेळ राहू देऊ नये.

मत्स्य सहकारी संस्था, ग्रामपंचायती आणि जलपर्यटनाचे काम पाहणारी कार्यालये यांना विनंती, की निविदेत टाकीचे साहित्य, तिची जाडी, हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढे तपासणीचे झाकण आणि सर्वांत खालच्या बिंदूला निचऱ्याचा व्हॉल्व्ह या गोष्टी लिहून घ्याव्यात. लाँच काठावर ओढण्याची सोय पाणी उतरलेले असताना उन्हाळ्यातच असते. मंजुरी जूनमध्ये आली, तर काम पाऊस आणि भरता जलाशय यांच्यात अडकते आणि ठेकेदार पुन्हा एम-सीलवर भागवतो. म्हणून अंदाजपत्रके फेब्रुवारीतच तयार व्हावीत.

आपला,
एक वाचक
तालुका पवनी, जिल्हा भंडारा